जा म्हणू नये

उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमागं,
जिथं फौंड्रीची काळी वाळू चहाच्या कपातही उतरते,
तिथं दस्तगीर शिकलगारचं दुकान:
फाटके स्पीकर, कागदी कोन, तांब्याची तार,
सोल्यूशनचा वास.
मी तिथं कॉइल गुंडाळायला.

गणपती संपले की ढिगानं येतात
डॉल्बीवाल्यांचे अठरा इंची, छाती फुटलेले.
चाचा त्यांच्या पोटावर हात ठेवतो वैद्यासारखा.
"आवाजानं न्हाई, घाईनं फुटलाय ह्यो."

नव्या कोनाला पहिल्यांदा एकच तबकडी ऐकवायची,
हा दुकानाचा नियम.
जहाजावर फिटर असलेल्या शमुवेल समुद्रेनं आणलेली,
किंग्स्टनच्या धक्क्यावर, दोन पँटींच्या बदल्यात.
कव्हरवर एक माणूस, जटा कमरेपर्यंत,
डोळे मिटलेले,
मागं डोंगर, आपला जोतिबाचा दिसतो तसाच
पण जास्त हिरवा.

सुई टेकली की आधी खरखर.
मग खालून बेस येतो.
येतो म्हणजे, उसाच्या ट्रॉलीखाली रस्ता दबतो तसा,
पायांतून.
आणि गिटार? ती ठोक्यावर येतच नाही.
ठोका गेल्यावर येते,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी,
आणि तरी पान तिचंच मांडलेलं.

बोल कळायचे नाहीत. एकच कळायचा:
जा.
कडव्याच्या शेवटी जा,
मध्येच खोल गळ्यातून जा.
मला वाटायचं, कुणाला घालवतोय हा एवढ्या मायेनं?
आमच्यात तर दारातून निघताना
जातो म्हटलं की आई परत आत बोलवायची,
बसवायची, पाणी द्यायची,
येतो म्हण, मग नीघ.

शमुवेल हसला. देवाचं नाव आहे ते, म्हणाला,
त्यांच्याकडं देवाला जा म्हणतात.
त्याच्या आईनं एका दुपारी स्टुलावर बसून सगळी बाजू ऐकली.
तिला दोन शब्द सापडले, बाबेल आणि सियोन.
तिनं पदर डोक्यावर घेतला.

मंगळवारी ओढ्यावरच्या रेणुकेकडनं परतणारी
शेवंता जोगतीण परडी पुढं करता करता
कव्हर बघून थबकली.
हळदीच्या बोटांनी स्वतःची जट चाचपली.
"ह्याला कुठल्या आईनं धरलंय?"
चाचा म्हणाला, आईनं न्हाई, बापानं.
"बाप कवा धरतोय," म्हणाली,
आणि काखेतल्या चौंडक्याची तार
ताणली, सैल सोडली, ताणली.
बेसच्या खाली तिचा बेस बसला.
कुणी काही बोललं नाही,
फक्त फळीवरची स्क्रूंची डबी सरकत सरकत
काठापर्यंत आली.

दुसरी बाजू वेगळी. बाह्या दुमडलेली.
बोलणं आणि गाणं यांच्या मधनं
कुणी पोरगा मंडईतल्या भावासारखा सुटायचा.
फौंड्रीची पोरं जेवणाच्या सुट्टीत दारात,
हातात डबे, भुवयांवर काजळी,
आधी मान, मग खांदे,
मग संभा मोरबाळे, मालकासमोर तोंड न उघडणारा,
गुडघे वाकवून भर रस्त्यात खाली खाली गेला
आणि तिथंच राहिला, डोळे मिटून.
कुणीतरी शिट्टी मारली.
चाचा म्हणाला, "वाकलाय न्हवं? गप बसा."

शमुवेल दिवाळीआधी निघाला.
पायरीवर चप्पल चढवताना, मला चिडवायला, म्हणाला, जा.
येतो म्हण की लेका, म्हटलं.
"देवाचं नाव घ्यायचं न्हाई व्हय?"

कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं.
त्याच्या आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं,
मग घडी घालून शुभवर्तमानात ठेवलं,
आणि विचारलं, तबकडी आहे ना रे?

आहे.
नवा कोन चिकटवून दिवसभर वाळू देतो, मग पहिली बाजू.
शेजारी पॉवर हॅमर पडत असतो त्याच्या वेळेनं,
गिटार त्याच्यानंतर.
तो शब्द येतो तिथं
मी कोनावर बोटाचं टोक ठेवतो.
कागद आत जातो,
बाहेर येतो.
आत जातो,
येतो.